'कीड', 'सवय' आणि 'प्रतिकार' : कीटकनाशकसहतेच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा दोनच अंगांनी होत आली आहे. शब्द संस्कृतातून घडवावा की परभाषेतून उचलावा, हे तिचे एक अंग. तो सुबोध आहे की दुर्बोध, हे दुसरे. १९६० साली राज्यात भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर परिभाषा कोशांचे जे मोठे काम उभे राहिले, त्यावरील अनुकूल व प्रतिकूल टीकेचा रोखही मुख्यतः या दोन प्रश्नांकडेच राहिला. याहून महत्त्वाचा असा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एखादा शब्द वाक्यात योजला असता तो कोणता कर्ता गृहीत धरतो आणि त्या गृहीतामुळे वस्तुस्थितीचे आकलन नेमके होते की बिघडते, हा तो प्रश्न होय. कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या किडींसंबंधी मराठीत जे बोलले व लिहिले जाते त्याची या दृष्टीने तपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके सोयीचे आहेत. घोड, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या काठचा हा प्रदेश मुळात कमी पावसाचा, बाभळी-बोरींचा आणि गवताळ माळांचा. चासकमान आणि खडकवासला यांच्या कालव्यांनी त्यात ऊस आणला, न्हावरे व पाटस येथे सहकारी साखर कारखाने आले, केडगावच्या बाजूस गुऱ्हाळे वाढली, आणि शिरूरच्या बाजूस कांद्याने जम बसविला. उसाबरोबर आणि कांद्याबरोबर फवारणी आली. फवारणीबरोबर एक शब्दसंपत्तीही आली. 'औषध मारणे', 'औषध लागू पडणे', 'कीड दाद देत नाही', 'किडीला औषध अंगवळणी पडले', 'कीड सोकावली', 'अळी औषध पचवते' हे तिचे नमुने होत. कृषी खात्याच्या पत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत हीच गोष्ट 'किडींमध्ये कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे' अशा शब्दांत येते. पहिली भाषा अडाणी आणि दुसरी शास्त्रीय, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज तपासून पाहण्यासारखा आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. या भागातील ऊसकरी ज्या किडीला सर्वांत जास्त भितो ती हुमणी. विदर्भात तिलाच उन्नी म्हणतात. महाराष्ट्रात तिची प्रमुख जात 'होलोट्रिकिया सेराटा' ही आहे. ही कीड एका अर्थी रानाची आहे आणि दुसऱ्या अर्थी शेताची. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन पाला खातात. त्यांचे मीलन तेथेच होते. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी तीन अवस्थांतून वाढत जाऊन उसाची मुळे कुरतडते. मध्य भारतातील सागाच्या रोपवाटिकांमध्येही हुमणीचा हाच उपद्रव असल्यामुळे वनकीटकशास्त्रात तिचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. वर्षाला तिची एकच पिढी होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ऊस पिवळा पडून वाळू लागला म्हणजे शेतकरी औषध टाकतो. पुष्कळदा अळी मरत नाही. 'औषध लागू पडले नाही' एवढेच तो म्हणतो, आणि त्याचे हे वाक्य निर्दोष आहे. ते परिणामाविषयी बोलते, कारणाविषयी बोलत नाही. परंतु ऐकणारा त्याचे रूपांतर तत्काळ 'किडीत प्रतिकारशक्ती आली' या वाक्यात करतो. येथेच पहिली चूक घडते. उसाचे पान पिवळे पडेपर्यंत अळी तिसऱ्या अवस्थेत गेलेली असते. तिचे शरीर मोठे झालेले असते आणि ती मुळांशी खोल असते. वर टाकलेले विष मातीच्या कणांना चिकटून बसते आणि तिच्यापर्यंत पुरेसे पोचतच नाही. जे पोचते त्याला मोठी अळी लहान अळीपेक्षा अधिक काळ तोंड देते. शंभर वर्षांपूर्वीच्या हुमणीच्या बाबतीतही हेच घडले असते. त्यात कीड बदललेली नाही. वेळ चुकलेली आहे.

शिरूरच्या कांद्यावरील फुलकिड्यांची गोष्ट वेगळी आहे. फुलकिड्यांच्या पिढ्या काही आठवड्यांत उलटतात. एका हंगामात त्यांच्यावर त्याच वर्गाच्या औषधाची फवारणी वारंवार होते. कांद्यावरील फुलकिड्यांत वंशपरंपरेने चालणारा कीटकनाशकरोध जगाच्या अनेक भागांत सिद्ध झालेला आहे. हुमणी आणि फुलकिडे यांविषयी बोलताना शिरूरचा शेतकरी एकच वाक्य वापरतो, आणि पत्रकेही एकच वाक्य वापरतात. भेद वस्तूत आहे, तो भाषेत उमटत नाही.

३

कीटकनाशकरोधाची कल्पना नवी नाही. अमेरिकेत ए. एल. मेलँडर याने १९१४ साली वॉशिंग्टन राज्यातील फळबागांत गंधक-चुन्याच्या फवाऱ्याला न जुमानणाऱ्या सॅन होजे खवले-किडीची नोंद केली, ती या विषयातील आद्य नोंदींपैकी एक समजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला आणि १९४०चे दशक संपण्यापूर्वीच डीडीटीने न मरणाऱ्या घरमाश्या युरोपात आढळल्या. १९५७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने जी व्याख्या केली तिचा आशय असा : सामान्य समूहातील बहुसंख्य व्यक्तींना मारक ठरणारी विषाची मात्रा सहन करण्याची क्षमता एखाद्या जातीच्या विशिष्ट वंशात विकसित होणे म्हणजे रोध. या व्याख्येत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, ती व्यक्तीविषयी बोलत नसून वंशाविषयी आणि समूहाविषयी बोलते. दुसरी, ती 'रोध' या संज्ञेचा अर्थ सांगताना 'सहन करणे' या क्रियेचाच आधार घेते. म्हणजे सहन आणि रोध या दोन कल्पना व्याख्येच्या पातळीवरच एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

यामागील तत्त्व डार्विनच्या निवडीचे आहे. फवारणीपूर्वीच समूहातील काही थोड्या व्यक्तींत, योगायोगाने, विष निकामी करणारे आनुवंशिक वैशिष्ट्य असते. फवारणीने इतर मरतात, त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांची होते. यात कोणत्याही एका किड्याला काहीही शिकावे लागत नाही. म्हणूनच 'किडीला सवय झाली' हे वाक्य पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने लामार्कच्या मताचा अवशेष ठरते आणि वर्गात ते खोडून काढण्यात येते.

ते खोडण्यापूर्वी त्याच्या व्याकरणाकडे पाहणे आवश्यक आहे. 'कीड' हे नाम मराठीत बहुधा समूहवाचक एकवचनात येते. 'कीड पडली', 'कीड वाढली', 'कीड मेली नाही' या वाक्यांतील कीड म्हणजे एक किडा नव्हे. तिचे अनेकवचन 'किडी' हे साधारणपणे किडींच्या जाती सांगताना वापरतात, व्यक्ती सांगताना नव्हे. व्यक्ती सांगावयाची झाली तर मराठी माणूस 'किडा' किंवा 'अळी' म्हणतो. आता 'किडीला सवय झाली' हे वाक्य घ्या. 'सवय होणे' हे क्रियापद व्यक्तीला लागू पडणारे आहे, तर 'कीड' हे नाम समूहाचे आहे. व्यक्तीच्या अर्थाने वाक्य असत्य आहे, कारण मेलेला किडा मेला आणि जगलेला किडा फवारणीपूर्वीही जगण्याजोगाच होता. समूहाच्या अर्थाने मात्र त्यात तथ्य आहे : गतवर्षी जी कीड या औषधाने मरत होती ती यंदा मरत नाही, म्हणजे कीड बदलली आहे. शेतकरी समूहाविषयी बोलतो, पाठ्यपुस्तक त्याला व्यक्तीविषयीचे विधान समजून दुरुस्त करते, आणि दुरुस्त करून जे वाक्य देते – 'किडीने प्रतिकारशक्ती निर्माण केली' – त्यात तोच दोष अधिक ठळक होतो. कारण 'सवय होणे' यात निदान कर्तृत्व नाही. 'निर्माण करणे' यात ते आहे.

'प्रतिकार' या शब्दाचा इतिहासही येथे आड येतो. ज्या मराठी वाचकाच्या पिढ्या निःशस्त्र प्रतिकार, सशस्त्र प्रतिकार हे शब्द राजकारणातून ऐकत आल्या, त्याच्या मनात प्रतिकारामागे प्रतिकार करणारा असतोच. त्याला शत्रू दिसतो आणि त्याने तो ठरवून केलेला असतो. पदार्थविज्ञानात मराठीने ही अडचण ओळखली होती. तारेतून वाहणाऱ्या विजेला होतो तो प्रतिकार नव्हे, तो 'रोध' होय. तारेला इच्छा नसते. किड्याच्या बाबतीत मात्र आपण तारेचा न्याय सोडून सत्याग्रह्याचा न्याय लावला.

४

येथपर्यंतचे विवेचन निवडीचे तत्त्व पुरेसे आहे असे धरून चालले. गेल्या काही दशकांत जनुकांच्या नियमनाविषयी जे ज्ञान झाले त्यामुळे प्रश्न अधिक नाजूक झाला आहे, आणि खोडलेल्या 'सवयी'कडे पुन्हा पाहणे भाग पडले आहे.

जनुक असणे वेगळे आणि ते कामाला लागणे वेगळे, हा नियमनाचा मूलभूत विचार. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंच्या अभ्यासातून तो मांडला आणि १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुग्धशर्करा उपलब्ध असेल तरच ती पचविणारी प्रथिने तयार करणारी जनुके जागी होतात; नसेल तर एक रोधक प्रथिन त्यांना दाबून ठेवते. कीटकांतही असेच आहे. सायटोक्रोम पी-४५० या वर्गातील प्रथिने, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, एस्टरेज आणि पेशीबाहेर विष उपसणारी वाहक प्रथिने यांची जनुके प्रत्येक किड्यात असतातच. किती प्रमाणात ती काम करतील हे नियमनावर अवलंबून असते. विषाचा ताण पडला की 'कीप-वन' या प्रथिनाने पेशीद्रवात अडवून ठेवलेले 'सीएनसी-सी' हे प्रथिन मोकळे होते, केंद्रकात जाते आणि विष निकामी करणाऱ्या अनेक जनुकांना एकदम चालना देते. ही घटना एकाच किड्याच्या आयुष्यात घडते. तिला 'सवय' म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

रानातील किडींच्या बाबतीत या यंत्रणेला विशेष महत्त्व आहे. वनांवर शेताइतकी फवारणी क्वचितच होते. मग वनकीटकांत विष सोसण्याची तयारी कोठून येते? याचे उत्तर पाल्यात आहे. झाडाचे पान, साल, राळ ही स्वतःच टॅनिन, फिनॉल, टर्पीन अशा कीटकविरोधी द्रव्यांनी भरलेली असतात. उत्तर अमेरिकेतील पाइनची साल पोखरणारे भुंगेरे राळेतील टर्पिने पी-४५० प्रथिनांच्या साहाय्याने बदलून टाकतात. 'लायमँट्रिया डिस्पर' या पानखाऊ पतंगाविरुद्ध अमेरिकेत १९५०च्या दशकात विमानातून डीडीटी फवारण्यात आले, आणि रेचेल कार्सन यांनी १९६२ साली त्यावर कठोर टीका केली. त्याच पतंगावर चीनमध्ये झालेल्या प्रयोगांत असे दिसले की डेल्टामेथ्रिनच्या संपर्कानंतर अळीतील काही पी-४५० जनुकांचे कार्य वाढते, आणि ती जनुके आरएनए-हस्तक्षेपाने निष्प्रभ केली तर तीच अळी विषाला अधिक बळी पडते. (या पतंगाचे इंग्रजी रूढ नाव एका भटक्या समाजाला अपमानकारक असल्यामुळे २०२२ साली अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेने ते बदलले. कीटकशास्त्रातही शब्दांचा प्रश्न निरुपद्रवी नसतो याचा हा एक दाखला.) घाटेअळीच्या अमेरिकेतील भाऊबंद जातीवर २००२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन तर भाषाभ्यासकाला विशेष रोचक वाटावे. झाडावर हल्ला होताच झाडाच्या शरीरात जॅस्मोनेट व सॅलिसिलेट ही द्रव्ये बचावाची सूचना म्हणून फिरतात. अळी ती खाते आणि झाडाचे विष प्रत्यक्ष तयार होण्यापूर्वीच तिची पी-४५० जनुके जागी होतात. झाडाने झाडाला दिलेली सूचना शत्रूने ऐकावी, असा हा प्रकार.

शिरूर-दौंडच्या बांधावरील हुमणीचे भुंगेरेही कडुनिंबाचा आणि टॅनिनयुक्त बाभळीचा पाला खातात. ज्या झाडाच्या निंबोळीचा अर्क शेतकरी कीडनाशक म्हणून फवारतो, त्याच झाडावर हुमणी पोसते, हा विरोधाभास गावोगाव माहीत आहे. त्याचे फार ताणून अनुमान काढू नये, कारण ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या बियांत असते, पाल्यात कमी. तथापि पाला खाणाऱ्या किड्याच्या दृष्टीने विष ही परकी वस्तू नसून रोजच्या अन्नाचा भाग आहे, हे या उदाहरणावरून समजण्यास मदत होते. या ठिकाणी 'अळी औषध पचवते' हे शेतातले वाक्य शास्त्राच्या किती जवळ आहे ते पाहावे. विष निकामी करण्याचे हे काम मुख्यतः अळीच्या मध्यांत्रात आणि मेदपिंडात होते, आणि त्यासाठी वापरली जाणारी प्रथिने तिने झाडाचा पाला पचविण्याच्या ओघातच मिळविलेली आहेत. 'प्रतिकार' या शब्दात जे चित्र उभे राहते ते ढाल-तलवारीचे. 'पचविणे' यात जे उभे राहते ते वस्तुस्थितीचे.

परंतु नियमन म्हणजे केवळ आयुष्यातील तात्पुरती जाग नव्हे. नियमन स्वतःच आनुवंशिक असू शकते. फळमाशीतील 'सिप-सिक्स-जी-वन' या जनुकाविषयी २००२ साली असे सिद्ध झाले की जगभरच्या डीडीटीरोधी माश्यांत त्या जनुकाच्या नियंत्रक भागात 'अकॉर्ड' नावाचा एक फिरता आनुवंशिक तुकडा येऊन बसला आहे. जनुकाचा मजकूर जवळजवळ तोच. पण त्याचे काम सदैव वाढलेल्या प्रमाणात चालू. येथे कोणत्याही माशीला 'सवय' झाली नाही. ज्या माशीत तो तुकडा होता तिचे वंशज उरले. म्हणजे एकाच यंत्रणेची दोन रूपे झाली. पहिल्या रूपात ताण पडला म्हणून जनुक जागे झाले. दुसऱ्या रूपात ते कायमचे जागेच राहिले, आणि निवडीने ते जागेपण वंशात पसरले. लामार्कचा आभास निर्माण करणारी पहिली घटना आणि डार्विनच्या चौकटीतील दुसरी घटना यांची सीमा नियमनाच्या प्रदेशातून जाते.

महाराष्ट्राच्या कापसातील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण आणखी निराळे. २००२ साली देशात आलेल्या बीटी कापसातील प्रथिन या अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून तिला मारते. भारतातील रोधी अळ्यांविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅडहेरिनच्या जनुकाचे आरएनए-प्रतिलेख वेगवेगळ्या ठिकाणी छाटले व जोडले जाऊन त्याची अनेक सदोष रूपे तयार होत असल्याचे आढळले. एकाच मूळ पाठाच्या अनेक खंडित प्रती, आणि त्यांपैकी कोणतीतून विषाला आधार देणारे पूर्ण प्रथिन तयार होत नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे वर्णन परके वाटणार नाही.

५

असे वर्णन करण्यात मात्र एक धोका आहे, आणि त्याचा विचार भाषेच्या विभागातच झाला पाहिजे. 'प्रतिलेखन', 'भाषांतरण', 'अभिव्यक्ती', 'संकेत' ही जीवशास्त्राची आजची परिभाषा मूळची भाषाव्यवहाराची आहे. रोमान याकोबसन आणि फ्रान्स्वा जाकोब यांची १९६८ साली फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवर झालेली चर्चा या साम्याभोवतीच फिरली होती. साम्य खरे आहे, पण ते किती खरे आहे? स्वतः अर्थहीन अशा चार घटकांपासून तीन-तीनांचे चौसष्ट गट होतात आणि ते वीस अमिनो आम्लांकडे निर्देश करतात, ही द्विस्तरीय रचना भाषेतील वर्ण-रूप व्यवस्थेशी जुळते. डीएनएतून आरएनए होणे हे एकाच वर्णमालेतील प्रतिलेखन, आणि आरएनएतून प्रथिन होणे हे दुसऱ्या व्यवस्थेत नेणे, हाही भेद योग्य आहे. परंतु 'अभिव्यक्ती' ही संज्ञा मराठीत काव्यचर्चेतून आलेली आहे. तिच्यामागे कवीचे मन असते. जनुकाला व्यक्त करण्यासारखे काही नसते आणि ऐकणाराही नसतो. जनुकाच्या 'अभिव्यक्ती'वर लिहिणारा विद्यार्थी नकळत 'जनुक आपले सामर्थ्य प्रकट करते' असे लिहून जातो, तेव्हा दोष त्याचा नसतो, शब्दाचा असतो. 'जनुकाचे कार्य' किंवा 'जनुकाची कार्यरतता' असे साधे शब्द येथे अधिक सुरक्षित आहेत.

नियमनासाठी मात्र भारतीय व्याकरणपरंपरेत एक उपमान आहे आणि त्याचा उपयोग झालेला फारसा दिसत नाही. पाणिनीच्या रचनेत अधिकारसूत्र हे स्वतः कोणतेही रूप सिद्ध करीत नाही. ते पुढील सूत्रांवर सत्ता चालविते आणि त्यांच्या व्याप्तीची मर्यादा ठरविते. सामान्य नियम तो उत्सर्ग, त्याला अडविणारा तो अपवाद. जनुकाचा नियंत्रक भागही कोणतेही प्रथिन घडवीत नाही, पण पुढील भागाची सत्ता त्याच्याकडे असते. रोधक प्रथिन हे एका परीने निषेधासारखे आहे. या उपमानाचा लाभ असा की त्यात वक्ता नाही, कवी नाही, इच्छा नाही. आहे ती केवळ नियमांची परस्परबद्ध व्यवस्था. जीवशास्त्राला भाषेकडून उसने घ्यावयाचेच असेल तर ते साहित्यापेक्षा व्याकरणाकडून घेणे श्रेयस्कर. अर्थात हेही उपमानच. पाणिनीची सूत्रे एका बुद्धीने लाघवाच्या हेतूने रचली. 'अकॉर्ड'चा तुकडा कोणीही रचला नाही.

६

यावर असा आक्षेप येईल की शेतकरी परिभाषा कोश वाचून फवारणी करीत नाही. आक्षेप अर्धाच खरा आहे. पत्रके, वेष्टनांवरील सूचना, दुकानदाराचा सल्ला या मार्गांनी कोशातील शब्द शेतापर्यंत पोचतो आणि तेथे निर्णय घडवितो. याचे सर्वांत ठळक उदाहरण 'औषध' या शब्दाचे. विषाला औषध म्हणण्यात पिकाच्या बाजूचा दृष्टिकोण आहे : पीक आजारी, फवारा हे त्याचे औषध. पण या शब्दाबरोबर वैद्यकाचा व्यवहारही येतो. गुण आला नाही तर मात्रा वाढवावी, एकाने भागले नाही तर दोन एकत्र द्यावीत, हा तो व्यवहार. ज्या समूहात वंशागत रोध आधीच आहे तेथे मात्रा वाढविण्याने निवडीचा दाब तेवढा वाढतो. रोधी व्यक्तींना स्पर्धक उरत नाहीत. आणि फवारणाऱ्याच्या शरीराला मात्र ती मात्रा विष म्हणूनच भेटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा औषधांची मिश्रणे हे चर्चेतील एक प्रमुख कारण होते. ग्रामीण मराठीत 'त्याने औषध घेतले' या वाक्याचा जो भीषण दुसरा अर्थ आहे तो सर्वांना ठाऊक आहे. भाषा स्वतःच कबुली देते की हे औषध नव्हे.

वरील चर्चेवरून 'औषध लागू पडले नाही' या एका वाक्याखाली दडलेल्या चार भिन्न घटना वेगळ्या करता येतात. पहिली, विष किडीपर्यंत पोचलेच नाही. तिला 'विषाची अप्राप्ती' म्हणावे. तिचा उपाय वेळ आणि जागा साधणे. हुमणीच्या बाबतीत वळवाच्या पावसानंतर झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणे हा उपाय जुना असूनही शास्त्रशुद्ध आहे, कारण तो कीड रानाच्या अवस्थेत असतानाच तिला गाठतो; मात्र भुंगेऱ्याला बांध माहीत नसल्यामुळे तो साऱ्या गावाने मिळून करावा लागतो. दुसरी, वय, आकार किंवा जात यांमुळे किडा मुळातच अधिक विष सोसतो. ही 'नैसर्गिक विषसहता'. तिचा उपाय अळी लहान असताना गाठणे. तिसरी, खाल्लेल्या पाल्यामुळे वा विषाच्या अल्प संपर्कामुळे एकाच आयुष्यात जनुके जागी होतात. ही 'प्रेरित विषसहता'. अर्धवट मात्रेच्या वारंवार फवारण्या टाळणे हा तिच्यावरील शहाणपणाचा मार्ग. चौथी, निवडीने समूहात पसरलेला, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा 'वंशागत विषरोध'. तिच्यावर मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे. निराळ्या क्रियापद्धतीच्या विषाची पाळी, विषमुक्त आश्रयपट्टा, परोपजीवी बुरशी, आणि फवारणी न करणे हेही, असे तिचे उपाय आहेत. ज्या किडीची वर्षात एकच पिढी होते तिच्याबाबत ही चौथी घटना सर्वांत शेवटी संशयावी, आणि जिच्या पिढ्या महिन्याभरात उलटतात तिच्याबाबत लवकर.

'प्रतिकार' हा शब्द इतका रूढ आहे की तो उठविता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तो राहील तेथे निदान वाक्यरचना बदलावी. 'किडीने प्रतिकारशक्ती निर्माण केली' याऐवजी 'या किडीत रोधी व्यक्तींचे प्रमाण वाढले' असे लिहिल्यास कर्ता जातो आणि समूह दिसू लागतो. वाढले तर ते कशामुळे वाढले, हा पुढचा प्रश्न त्या वाक्यातूनच उद्भवतो, आणि त्याचे उत्तर किडीत नसून फवारणाऱ्या हातात आहे हेही कळते. पहिल्या वाक्यात दोषी कीड आहे. दुसऱ्यात जबाबदारी माणसाकडे येते.

शास्त्राची परिभाषा घडविणाऱ्यांनी बोलीकडे केवळ सुबोध शब्दांचा साठा म्हणून पाहू नये, एवढे या उदाहरणावरून निश्चितपणे म्हणता येईल. 'सवय', 'पचविणे', 'दाद देणे' या शब्दांत निरीक्षणे साठविलेली आहेत. त्यांपैकी काही चुकीच्या पातळीवरची आहेत, काही कोशातील शब्दांहून अचूक आहेत. त्यांची छाननी करणे हे कीटकशास्त्रज्ञाचे एकट्याचे काम नाही. घोड-भीमेच्या काठी बोलले जाणारे एक साधे वाक्य एकवचनी आहे की समूहवाचक, हे सांगण्याची जबाबदारी भाषाशास्त्राची आहे, आणि त्या उत्तरावर पुढच्या फवारणीची मात्रा अवलंबून आहे.